तासाभराचे व्याख्यान पुरे, आता विषयाचा वाटा द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की राज्यातल्या व्यवस्थापन महाविद्यालयांत 'इंडस्ट्री एक्स्पर्ट'च्या व्याख्यानांचे फलक लागू लागतात. कारखान्याचे खरेदीप्रमुख, बँकेचे निवृत्त अधिकारी, एखाद्या निर्यातदार उद्योजिका तासाभरासाठी येतात. प्रास्ताविक, सत्कार आणि आभार यांत पंधरा-वीस मिनिटे जातात. उरलेल्या वेळात वक्ते स्वतःची वाटचाल सांगतात, दोन प्रश्न विचारले जातात, फोटो निघतो आणि अभिप्रायाच्या कागदांसह तो महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत जातो. विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ज्याने पंचवीस वर्षे खरेदी केली किंवा कर्जप्रकरणे तपासली, त्या माणसाकडचे सगळ्यात मोलाचे ज्ञानही तसेच राहून जाते. म्हणून आमचे म्हणणे असे, की अशा व्यक्तींना व्याख्यानाला बोलावणे कमी करा आणि विषयाचा ठरावीक वाटा त्यांच्याकडे सोपवा. तो वेळापत्रकात, गुणपत्रकात आणि मानधनाच्या नोंदीत दिसला पाहिजे.

यासाठी नवा नियम लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव असलेल्या व्यक्तीला विद्यापीठ किंवा महाविद्यालय नेमू शकते. पीएच.डी., नेट, शोधनिबंध यांची अट नाही. नेमणूक आधी एक वर्षापर्यंतची, मग कामगिरी पाहून वाढवायची; साधारणपणे तीन वर्षे आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक, म्हणजे चार वर्षांच्या पुढे नाही. मानधन उद्योगाने द्यायचे, संस्थेने स्वतःच्या निधीतून द्यायचे किंवा मानद तत्त्वावर काम करायचे, असे तीन मार्ग ठेवले आहेत. शिक्षकी पेशात असलेल्या किंवा त्यातून निवृत्त झालेल्या व्यक्तींसाठी हे पद नाही. निवड समितीत संस्थेतले दोन वरिष्ठ प्राध्यापक आणि बाहेरचे एक मान्यवर सदस्य असतात.

यातली दोन कलमे नीट वाचायला हवीत. पहिले म्हणजे या नेमणुका मंजूर पदांच्या व्यतिरिक्त करायच्या आहेत. रिकामी प्राध्यापकपदे भरायची टाळून तिथे उद्योगातली माणसे बसवण्याची मुभा त्यात नाही. राज्यातल्या विद्यापीठांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरचे अध्यापक तुटपुंज्या मानधनावर राबत आहेत. अशा वेळी 'आता उद्योगातून लोक आणू' असे कुणी म्हटले की अध्यापकांच्या मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. पूर्णवेळ अध्यापक नसेल तर हा प्रयोग होऊच शकत नाही, कारण विषयाची जबाबदारी घेणारे कुणी उरत नाही. बाहेरून आलेली व्यक्ती आठवड्यातून एकदा येते. उरलेले सहा दिवस विद्यार्थी ज्याच्याकडे शंका घेऊन जातील तो माणूस विभागात हवा. आमच्या सगळ्या सूचना ही अट धरूनच आहेत.

दुसरे कलम संख्येचे. संस्थेतल्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस एका वेळी असू नयेत, असे आयोग म्हणतो. मोठ्या विद्यापीठाला याची अडचण नाही. पण ६० प्रवेशक्षमतेचे, फक्त एमबीए शिकवणारे महाविद्यालय घ्या. दोन वर्षांचे मिळून १२० विद्यार्थी, २० विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक या प्रमाणाने सहा पदे. सहाचे १० टक्के म्हणजे शून्य पूर्णांक सहा. शब्दशः गणित केले तर अशा महाविद्यालयाला एकही व्यक्ती नेमता येत नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणची कितीतरी महाविद्यालये याच आकाराची आहेत, आणि गरज तिथेच जास्त आहे. यावर विद्यापीठांना मार्ग काढता येईल. नेमणूक विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागाने करावी आणि एका जिल्ह्यातल्या चार-पाच संलग्न महाविद्यालयांत त्या व्यक्तीचे तास वाटून द्यावेत. तोवर अतिथी अध्यापक म्हणून नेमण्याचा जुना मार्ग आहेच. त्यातही विषयाचा वाटा लेखी ठरवून देता येतो.

उद्योगातल्या माणसाने शिकवायचे काय, हा खरा प्रश्न. नेतृत्व, यशाची सूत्रे, बदलते जग हे विषय त्यांना देऊ नयेत. त्यांवर कुणीही बोलू शकते. पुस्तकातले सूत्र आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत जिथे फट पडते ती जागा त्यांना द्यावी. एक उदाहरण सविस्तर मांडतो.

खेळते भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, हा विषय प्रत्येक एमबीएला असतो. पुस्तकात येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, किती दिवसांची याचे सूत्र असते. आता कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी फाउंड्री (धातूचे ओतीव भाग बनवणारा कारखाना) डोळ्यांसमोर आणू. समजा वार्षिक विक्री १२ कोटी आहे आणि ग्राहक कंपनी सरासरी ९० दिवसांनी पैसे देते. येणी होतात सुमारे २ कोटी ९६ लाख. हेच पैसे ४५ दिवसांत आले तर येणी १ कोटी ४८ लाखांवर येतात. मधला फरक १ कोटी ४८ लाख, त्यावर १० टक्के व्याज धरले तर वर्षाला जवळजवळ १५ लाख. निव्वळ नफा विक्रीच्या ४ टक्के असेल तर तो ४८ लाख. म्हणजे उशिरापायी जाणारे व्याज नफ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. इथवर चांगला अध्यापक स्वतःच शिकवतो.

पुढचे ज्ञान कर्जविभागात बसलेल्या माणसाकडे असते. लघुउद्योगाला रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या उलाढाल पद्धतीने कर्जमर्यादा द्यायची, तर अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के खेळते भांडवल धरतात. २० टक्के बँकेचे, ५ टक्के मालकाचे. १२ कोटींवर ही मर्यादा २ कोटी ४० लाखांची झाली. विद्यार्थ्याला वाटते, एवढे पैसे उचलता येतात. तसे नसते. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्यांचा तक्ता, द्यावे लागते आणि त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, ठरते. ९० दिवसांहून जुनी येणी बँक सहसा धरत नाही. वरच्या २ कोटी ९६ लाखांतली ६० लाखांची येणी जुनी असली तर उरतात २ कोटी ३६ लाख. २५ टक्के मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा हिस्सा) वजा करता १ कोटी ७७ लाख. माल ८० लाखांचा, त्यापोटी अजून द्यायची ५० लाखांची देणी वजा केली की ३० लाख, मार्जिन जाऊन साडेबावीस. एकूण जेमतेम २ कोटी. मंजूर मर्यादा २ कोटी ४० लाखांची असूनही ४० लाख हाती येत नाहीत. ग्राहकाने पैसे थकवले की येणी जुनी होतात आणि ड्रॉइंग पॉवर नेमकी त्याच महिन्यात घसरते. पैशाची सगळ्यात जास्त निकड असते तेव्हाच बँकेचा हात आखडतो, आणि यात बँकेचा दुष्टावा नसतो. हे एकदा आकड्यांत उलगडले की विद्यार्थ्याला रोखतेचा अर्थ समजतो.

आता त्याच वर्गात खरेदी किंवा विक्री विभागातली व्यक्ती आणा. ९० दिवस का लागतात ते ती सांगेल. ग्राहकाच्या गेटवर माल उतरला तरी मालपावतीची नोंद तपासणीनंतर होते आणि मुदतीचे दिवस ग्राहक तिथून मोजतो. ब्लोहोल (ओतताना हवेने राहिलेली पोकळी) कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागाच्या, पोटात असला तर मशीनिंग केल्यावरच दिसतो. मग कास्टिंगची किंमत अधिक मशीनिंगचा खर्च अशी डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) येते आणि हिशेब जुळेपर्यंत पूर्ण बिल अडकते. भंगार आणि पिग आयर्नचे भाव बदलले की नवा दर तिमाहीनंतर मान्य होतो, तोवर जुन्या दराने बिल आणि फरकाचे वेगळे पूरक बिल. ऑर्डरमधला ओळ क्रमांक चुकला की संगणक बिल परत पाठवतो. पुरवठादाराचे विवरणपत्र वेळेत गेले नाही तर जीएसटीची रक्कम ग्राहक रोखून धरतो. यातली निम्मी कारणे पुरवठादाराच्या स्वतःच्या कार्यालयात दुरुस्त होण्यासारखी असतात. कुठली आपल्या हातातली, कुठली नाही, हे वेगळे करायला शिकणे म्हणजेच व्यवस्थापन शिकणे.

कायद्याचेही तसेच. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. आयकर कायद्यातही १ एप्रिल २०२४ पासून तरतूद आली, की मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळेल. विद्यार्थी हे पाठ करून लिहितात. तरीही पुरवठादार व्याज का मागत नाही? पुढची ऑर्डर जाईल या भीतीने. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलवटाव मंचावर (जिथे पुरवठादाराला बिलाचे पैसे मुदतीआधी मिळू शकतात) नोंदणी करावी लागते. पण नोंदणी केली म्हणजे प्रत्येक बिल तिथे मान्य केलेच असे नाही, आणि खरेदीदाराने मान्य केल्याशिवाय त्यावर पैसे मिळत नाहीत. कायद्याचा मजकूर आणि त्याचा वापर यांतले हे अंतर त्या व्यवहारात असलेली माणसेच नीट दाखवू शकतात.

हे सगळे तासाभरात बसत नाही. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे ३० तास. त्यातले १२ तास बाहेरच्या व्यक्तीला द्यावेत, चार शनिवारी तीन-तीन तास. उरलेले १८ पूर्णवेळ अध्यापकाचे. क्रम महत्त्वाचा आहे. आधीच्या आठवड्यात अध्यापकाने संकल्पना आणि सूत्रे शिकवायची, शनिवारी प्रकरण (केस स्टडी, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारातल्या एका निर्णयाचा अभ्यास), आणि पुढच्या तासाला जिथे गोंधळ झाला ते पुन्हा. चारही शनिवारी अध्यापक वर्गात हजर हवा, आणि ते १२ तास त्याच्या कार्यभारात मोजले गेले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी घोडे इथेच अडते. तास मोजले जात नाहीत म्हणून अध्यापक येत नाही, तो नसतो म्हणून दोघांच्या शिकवण्याचा सांधा जुळत नाही, आणि दोन महिन्यांनी बाहेरचा माणूस 'मुलांना पायाच नाही' म्हणतो तर अध्यापक 'ते अभ्यासक्रम सोडून बोलतात' म्हणतो.

तीन तास सलग बोलायला कुणालाही सांगू नये. १८० मिनिटांची साधी आखणी अशी करता येते: २० मिनिटे प्रकरणाची उजळणी, ४० मिनिटे गटांत काम, ६० मिनिटे खुली चर्चा, १५ मिनिटे चहा, मग ३० मिनिटे प्रत्यक्षात काय निर्णय झाला आणि का, शेवटची १५ मिनिटे अध्यापकाने ते पुस्तकाशी जोडण्यासाठी. प्रत्यक्षात काय घडले हे पहिल्या दोन तासांत सांगायचे नाही. अनुभवी माणसाला ते आधी सांगण्याचा मोह होतो; एकदा उत्तर कळले की वर्ग विचार करणे थांबवतो. ६० जणांचे पाच-पाचांचे १२ गट होतात. प्रत्येकाला दहा मिनिटे दिली तर दोन तास त्यातच गेले. म्हणून चार गटांनी मांडायचे, आठ गटांनी एक पानाचे टिपण द्यायचे, पुढच्या शनिवारी पाळी बदलायची. कुठले चार गट हे वर्गात चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे सगळे तयारी करून येतात.

प्रकरण लिहिणे हे या कामातले सगळ्यात कष्टाचे आणि सगळ्यात दुर्लक्षित अंग. हार्वर्डच्या सहकार्याने १९६१ मध्ये सुरू झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने प्रकरण पद्धत आपल्या देशात रुजवली, पण आजही बहुतेक महाविद्यालयांत परदेशी कंपन्यांची किंवा इंटरनेटवरून उतरवलेली प्रकरणेच फिरतात. इचलकरंजीचे यंत्रमाग, लासलगावचा कांदा, सांगलीची हळद, सोलापूरचे टॉवेल, चाकणचे वाहनभाग, गोव्यातली हॉटेले यांवर वर्गात वापरता येईल असे साहित्य फार थोडे आहे. उद्योगातली व्यक्ती सहसा लिहीत नाही; तिच्याकडे तेवढा वेळ नसतो आणि सवयही नसते. तिने दोन बैठकांत सांगावे, अध्यापकाने लिहावे, तिने तपासावे. चार ते सहा पाने मजकूर, दोन-तीन तक्ते, आणि निर्णय घ्यायच्या क्षणाशी थांबलेले कथन. सोबत अध्यापकासाठी तीन-चार पानांचे वेगळे टिपण: प्रश्न कोणते, फळ्यावर काय मांडायचे, विद्यार्थी कुठे चुकतात. हे टिपण असले की ती व्यक्ती पुढच्या वर्षी आली नाही तरी प्रकरण शिकवता येते. नसले तर सगळे ज्ञान तिच्याबरोबर जाते.

गोपनीयतेची अडचण सगळेच सांगतात, पण तिच्यावर सोपे उपाय आहेत. कंपनीचे आणि माणसांचे नाव बदलावे, गाव बदलावे, आणि रुपयांतले सगळे आकडे एकाच गुणकाने, उदाहरणार्थ ०.८३ ने, गुणावेत. गुणोत्तरे तशीच राहतात. दिवस, टक्केवारी आणि व्याजदर यांना मात्र गुणायचे नाही; ही चूक झाली की तक्ते आपसांत जुळत नाहीत आणि हुशार विद्यार्थी ती पहिल्या पाच मिनिटांत दाखवतो. प्रति-नग दर असेल तर तो गुणायचा, नगांची संख्या नाही. सध्या नोकरीत असलेल्या व्यक्तीने मालकाची लेखी संमती आणावीच. ज्या व्यवहाराचा वाद न्यायालयात चालू आहे तो घेऊ नये.

मूल्यमापनात बदल झाला नाही तर वरचे सगळे वाया जाते. विद्यार्थी परीक्षेकडे पाहून अभ्यास करतो, यात त्याचा दोष नाही. सत्रान्त परीक्षेत 'खेळत्या भांडवलाची व्याख्या लिहून प्रकार स्पष्ट करा' एवढेच येणार असेल तर शनिवारी वर्ग निम्मा रिकामा दिसेल. अंतर्गत गुणांतले किमान २० गुण या कामाला हवेत आणि लेखी परीक्षेत एक प्रश्न याच धर्तीचा. तक्ता द्यायचा आणि शाखाधिकाऱ्याला उद्देशून तात्पुरती मर्यादा वाढवून मागणारे एक पानाचे पत्र लिहायला सांगायचे. दहा गुण असतील तर चार आकडेमोडीला, तीन मूळ कारण ओळखण्याला, दोन मागणी शक्य कोटीतली आहे का याला, एक मांडणीला. दोघा परीक्षकांनी आधी तेच दहा पेपर स्वतंत्रपणे तपासावेत. दोनहून अधिक गुणांचा फरक पडला तर बसून बोलावे, मग उरलेले वाटून घ्यावेत. उद्योगातल्या व्यक्ती सुरुवातीला टोकाचे गुण देतात, एकतर नऊ नाहीतर दोन. कामाच्या जागी उत्तर चालते किंवा चालत नाही, मधले काही नसते. वर्गात मात्र अर्ध्या बरोबर विचारालाही किंमत असते, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

वेळापत्रकाबद्दल. सीईटीनंतरच्या प्रवेश फेऱ्या लांबल्या की एमबीएचे पहिले सत्र आखडते, म्हणून सुरुवात तिसऱ्या सत्रापासून करावी. विद्यार्थी तेव्हा उन्हाळी प्रकल्प करून नुकतेच परतलेले असतात, कार्यालय पाहिलेले असते, प्रश्न विचारू शकतात. तारखा सत्राच्या आधी ठरवाव्यात आणि समोरच्याच्या कामाचे ऋतू पाहावेत. बँकेतल्या व्यक्तीला सप्टेंबरअखेर आणि मार्च नको, किरकोळ व्यापारातल्या व्यक्तीला दिवाळीआधीचा महिना नको, साखर कारखान्यातल्या व्यक्तीला गाळप सुरू झाल्यावर फुरसत नसते. ऐनवेळी तास रद्द होणारच. त्यासाठी पाचवा शनिवार आधीपासून मोकळा ठेवावा. मुंबई विद्यापीठाच्या, १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झालेल्या जमनालाल बजाज संस्थेत कंपन्यांतले अधिकारी शिकवायला येत राहिले, त्यात संस्था चर्चगेटला, कार्यालयांच्या शेजारी असण्याचा आणि संध्याकाळच्या वर्गांचा वाटा मोठा आहे. लातूर किंवा चंद्रपूरला चर्चगेट नाही. तिथे पहिला आणि शेवटचा शनिवार प्रत्यक्ष, मधले दोन ऑनलाइन, असे करता येते. चारही ऑनलाइन करू नयेत. ज्यांना माणूस प्रत्यक्ष भेटलेला नाही ते विद्यार्थी पडद्यावर प्रश्न विचारत नाहीत.

खरे तर लातूरच्या महाविद्यालयाने मुंबईकडे पाहत बसू नये. नावाजलेल्या कंपनीचा माजी मुख्य कार्यकारी अधिकारी मिळवण्याचा हट्ट ही आमच्या मते सगळ्यात महागडी चूक आहे. फार वरच्या पदावर दहा वर्षे काढलेल्या व्यक्तीला बिल कुठे अडकते हे आठवत नाही. पतसंस्था आणि नागरी बँकांचे कर्ज अधिकारी, दूध संघाचे संकलन व्यवस्थापक, बाजार समितीतले मोठे अडते, औद्योगिक वसाहतीतले खरेदीप्रमुख, निर्यात कागदपत्रांचे काम करणारे, रुग्णालयांचे प्रशासक, कामगार कायद्याचे सल्लागार अशी १५ वर्षांच्या अटीत बसणारी माणसे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. निवडताना त्यांना भाषण करायला लावू नये. 'तुमच्या कामातला, दोन्ही बाजूंनी पटण्यासारखी कारणे असलेला एक निर्णय सांगा' एवढे विचारावे. दहा मिनिटांत आकड्यांसह सांगता आला तर माणूस शिकवू शकेल. फक्त विजयाच्या कथा आल्या तर थांबावे. अनुभव ताजा आहे का हेही पाहावे. जीएसटी आणि ई-इनव्हॉइसच्या आधी निवृत्त झालेल्या व्यक्तीचे वाटाघाटीचे ज्ञान आजही उपयोगी पडेल, बिल प्रक्रियेचे पडणार नाही.

भाषेची अडचण म्हणून जे सांगितले जाते ती आम्हाला सोय वाटते. जिल्ह्यातले बरेच विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात. इंग्रजी पुस्तकातली व्याख्या पाठ असते, पण अर्थ निसटलेला असतो. स्थानिक खरेदीप्रमुख रेट, माल, उधारी, रिजेक्शन या शब्दांत बोलतो तेव्हा तोच अर्थ चटकन पोचतो. चर्चा मराठीत, टिपण इंग्रजीत, असे ठेवले तर दोन्ही साधते. परीक्षा इंग्रजीत असते म्हणून वर्गातली चर्चा इंग्रजीत रेटू नये.

मानधनाबद्दल थोडक्यात, पण ठाम. नियुक्तीपत्रात शिकवण्याचे तास, प्रकरण लिहिण्याचे काम, पेपर तपासणी आणि प्रवास यांचे दर वेगवेगळे लिहावेत. पॅन आणि बँकेचा तपशील पहिल्याच दिवशी घ्यावा, टीडीएस कापला जाईल हे आधी सांगावे, तीस दिवसांत रक्कम जमा करावी. अर्थसंकल्पात यासाठी वेगळे शीर्ष नसेल तर वर्षभर फाइल फिरत राहते, म्हणून विभागप्रमुखांनी ते अंदाजपत्रकाच्या वेळीच मागावे. मानद तत्त्वाचा मार्ग नियमात आहे, पण तो सरसकट वापरू नये. फुकट येणाऱ्याकडे वेळेची आणि तयारीची मागणी करता येत नाही, आणि ज्यांना परवडते तेवढेच लोक येतात.

देवाणघेवाण उलट दिशेनेही हवी. पूर्णवेळ अध्यापकाने सुट्टीत दोन आठवडे त्या व्यक्तीच्या कारखान्यात किंवा शाखेत बसावे; कार्यालयीन कर्तव्य म्हणून, रजा टाकून नव्हे. पुढच्या वर्षीचे प्रकरण तिथून येईल, आणि कर्जाचे अर्ज, डेबिट नोटा, स्टॉक स्टेटमेंट यांचे कोरे नमुने तरी नक्कीच हाती येतील. विद्यार्थ्यांनी ते एकदा स्वतः भरून पाहावेत.

राज्यातल्या विद्यापीठांच्या व्यवस्थापन अभ्यास मंडळांना आमची विनंती आहे. पुढच्या तिसऱ्या सत्रासाठी वित्त, विपणन, मनुष्यबळ आणि ऑपरेशन्स यांतला प्रत्येकी एक दोन-क्रेडिट विषय निवडा, त्याचे १२ आणि १८ तासांचे विभाजन अभ्यासक्रमातच छापा आणि सहअध्यापनाचे तास कार्यभारात धरण्याचे परिपत्रक त्याच्यासोबतच काढा. परिपत्रक आधी निघाले पाहिजे. ते सत्र सुरू झाल्यावर आले तर वेळापत्रके लागून गेलेली असतात आणि शनिवार पुन्हा व्याख्यानांनी भरतात.

आपले,
व्यवस्थापन विषयाचे अध्यापक आणि उद्योगक्षेत्रातील त्यांचे सहअध्यापक
कोल्हापूर